चालकाचे अवधान

केस विंचरणे, दाढी करणे, चेहऱ्याला पावडर लावणे ही नीटनेटकेपणाची कामे होत. घरी आरशापुढे उभे राहून ती करणाऱ्यास कोणी नावे ठेवीत नाही. परंतु तीच कामे धावत्या मोटारीत चालकाने केली, तर काही ठिकाणी तो अपराध ठरू शकतो. असे का असावे?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे २००४ साली यासंबंधी एक कायदा झाला. वाचणे, लिहिणे, वेशभूषा नीटनेटकी करणे, पाळीव प्राण्याशी खेळणे अशा कारणांनी चालकाचे लक्ष उडून गाडी धोकादायक रीतीने चालविली गेली, तर तो दंडास पात्र होतो. कायद्याचा रोष कंगव्यावर वा आरशावर नाही. तो अनवधानावर आहे.

हे अनवधान क्षणभराचेच असते, असे वाटेल. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. भांग सरळ आहे ना, हे पाहण्यात तीन सेकंद गेले, तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. एवढे अंतर चालकाने जणू डोळे मिटूनच कापलेले असते. तेवढ्यात एखादे मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर आले, तर? ते दिसल्यावरही गाडी जागच्या जागी थांबत नाही; ब्रेक दाबल्यानंतरही ती काही अंतर पुढे जातेच.

आपल्या देशात १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. लोकांना धोका होईल अशा रीतीने वाहन चालविणे हा त्याच्या १८४ व्या कलमान्वये गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, वाहन चालविताना हातात धरून फोन वापरण्याचा उल्लेखही त्यात आला. कंगव्याचे नाव तेथे नाही. म्हणून तो निर्धोक ठरतो काय? कायदा प्रत्येक वस्तूचे नाव घेऊ शकत नाही. त्याची यादी संपते, तेथे माणसाच्या विवेकाने जागे राहावयाचे असते.

“आजवर काही झाले नाही,” असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु ते कित्येकदा समोरून येणाऱ्याच्या सावधपणाचे फळ असते. विस्कटलेला भांग पुन्हा काढता येतो; गेलेला जीव परत आणता येत नाही.

स्वाध्याय
१. कायद्याचा रोष कशावर आहे? का?
२. कायद्याची यादी संपते तेथे कोणी जागे राहावे, असे पाठात म्हटले आहे?