शेतांतील मित्रकिडे व सेंद्रिय शेती

शेतांत दिसणारा प्रत्येक किडा हा पिकाचा शत्रु, असा समज आपल्याकडे फार रूढ आहे. पानावर किडा दिसला कीं पाठीवर पंप घ्यावयाचा, ही रीत आतां खेडोपाडीं पडली आहे. वस्तुतः शेतांतील किड्यांपैकीं पिकाचें नुकसान करणारे थोडे; बाकीच्यांपैकीं कांहीं निरुपद्रवी, तर कांहीं प्रत्यक्ष उपकारक असतात. हे उपकारक किडे कोणते, ते कसे ओळखावे, व सेंद्रिय पद्धतीनें शेती करणारानें त्यांचा आश्रय कसा राखावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. सोलापूर जिल्ह्यांतील ऊंस, करडई, ज्वारी व डाळिंब हीं पिकें आम्हीं मुख्यतः डोळ्यांपुढें ठेविलीं आहेत.

लोकरी माव्याचा धडा

उंसावरील लोकरी मावा पूर्वीं आपल्या देशाच्या पूर्वेकडील प्रांतांतच ठाऊक होता. २००२ सालच्या पावसाळ्यांत तो सांगली जिल्ह्यांत दिसला, व थोडक्याच काळांत कोल्हापूर, सातारा, पुणें, सोलापूर या जिल्ह्यांत व कर्नाटकांतहि पसरला. पानाच्या खालच्या अंगास पिंजलेला कापूस चिकटवावा तसा त्याचा थर बसे. रस शोषला गेल्यामुळें पानें पिवळीं पडत, खालच्या पानांवर चिकटा गळे व त्यावर काळी बुरशी चढे. उंसाचें वजन व साखरेचा उतारा हीं दोन्ही घटत. औषधांचे फवारे पुष्कळ झाले. परंतु वाढलेल्या उंसांत माणसास नीट शिरतां येत नाहीं, पानाखालीं औषध पोंचत नाहीं, आणि उरलेला मावा पुन्हां वाढतो, असाच अनुभव आला.

पुढें ह्याच माव्यावर जगणारे किडे उपयोगी पडले. त्यांत मुख्य डिफा. हिला आरंभीं कोनोबाथ्रा असें म्हणत. ही एका लहान पतंगाची अळी असून ती माव्याच्या थरांतच जाळें विणून राहते व त्यांतच पोट भरते. दुसरा मायक्रोमस, हा तपकिरी, जाळीदार पंखांचा लहान किडा असून त्याची अळीहि मावा खाते व प्रौढ किडाहि खातो. तिसरी एन्कार्सिया नांवाची अतिसूक्ष्म माशी. ही माव्याच्या अंगांत अंडें घालते. कृषि विद्यापीठें, वसंतदादा साखर संस्था व साखर कारखाने यांनीं या किड्यांची पैदास व वांटप हातीं घेतलें. हेक्टरीं डिफाच्या १,००० अथवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडाव्या, आणि सोडल्यावर त्या शेतांत विषारी औषध मारूं नये, अशी शिफारस होती. ज्या पानावर अळ्या असत त्याचे तुकडे कापून शेजारच्या शेतांतील पानांस टांचून देत. कांहीं वर्षांतच ह्या किडीचा जोर ओसरला.

औषधानें कीड उलट कां वाढते

मावा नराशिवायच जिवंत पिल्लें घालतो, व तीं पिल्लें थोड्या दिवसांत स्वतः वितात. उलट त्याला खाणारे किडे संख्येनें कमी व वाढीस मंद असतात. सर्वभक्षी औषध मारलें म्हणजे दोघेहि मरतात. पण वांचलेला मावा झपाट्यानें वाढतो, आणि त्याला आवर घालणारा कोणी उरत नाहीं. मग दुसरा फवारा लागतो, त्यामागून तिसरा. चौकीदारास मारून चोर धरूं पाहण्यासारखाच हा प्रकार होय.

मित्रकिडे ओळखण्याच्या खुणा

१. ढालकिडा : पाठ घुमटासारखी, तांबडी वा नारिंगी, बहुधा काळ्या ठिपक्यांची. याची अळी काळसर, लांबट व खरखरीत असते. तिला शत्रु समजून पुष्कळजण चिरडतात. एक किडा दिवसास पन्नासपर्यंत मावे खातो.

२. क्रायसोपर्ला : हिरवा, नाजुक, जाळीदार पंखांचा. केंसासारख्या बारीक देंठाच्या टोंकास एकेक अंडें दिसल्यास तें याचें समजावें.

३. सिरफिड माशी : मधमाशीसारखी पिंवळ्या पट्ट्यांची, पण दोनच पंखांची व एका जागीं हवेंत तरंगणारी. हिची अळी मावा खाते. माशी स्वतः मात्र फुलांतील मध व पराग यांवर जगते.

४. परोपजीवी सूक्ष्म माश्या : या बहुधा दृष्टीस पडत नाहींत. मावा फुगून तपकिरी झालेला व पाठीस वाटोळें भोंक असलेला दिसला, तर हें काम त्यांचें समजावें.

यांशिवाय मधमाश्या आहेतच. डाळिंबाची फलधारणा वाढविण्यास त्यांचा मोठा हातभार लागतो. म्हणून बहाराच्या दिवसांत फवारा मारणें म्हणजे स्वतःचें फळ स्वतःच कमी करणें होय.

शेतकऱ्यानें काय करावें

१. बांध उघडे करूं नयेत. बांधावरील फुलणाऱ्या झुडपांवर मित्रकिडे पीक नसतांना तग धरतात. ज्वारीच्या शेतास करडईच्या कांटेरी ओळींचें कुंपण घालण्याची आपली जुनी चाल या दृष्टीनेंहि उत्तम आहे. करडईवर मावा येतो व त्यामागें ढालकिडे आणि क्रायसोपर्ला येतात. मात्र करडईचा पेरा लांबवूं नये. उशिराच्या करडईवर माव्याचा जोर अधिक असतो.

२. उंसाचें पाचट जाळूं नये. त्यांत कोळी व भक्षक भुंगेरे राहतात, ओल टिकते व जमिनीस सेंद्रिय द्रव्य मिळतें.

३. फवारण्यापूर्वीं मोजावें. शेतांत पांच ठिकाणीं पांच पांच झाडें पाहून शत्रु किती व मित्र किती याची नोंद ठेवावी, व आठवड्यानें पुन्हां मोजावें. मित्र वाढत असतील तर हात आंवरावा.

४. शत्रु वाढत आहेत व मित्र दिसत नाहींत असें आढळल्यास निंबोळीचा ५ टक्के अर्क मारावा. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यांत भिजवावी, गाळून १०० लिटर पाणी करावें, व मधमाश्या परतल्यावर सायंकाळीं फवारावें. वनस्पतिजन्य म्हणून तें कितीहि वेळां मारावें, असें मात्र नाहीं.

मर्यादा

मित्रकिडे हें सर्व रोगांवरचें औषध नव्हे. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे. त्यावर किड्यांचा इलाज नाहीं, बागेची स्वच्छता व निरोगी रोपें हाच मार्ग. पोखरलेलीं फळें वेंचून नष्ट करण्याचे श्रमहि चुकत नाहींत. शिवाय औषधें एकदम सोडणारास पहिलीं एकदोन वर्षें जड जाण्याचा संभव असतो. कारण गेलेले मित्र परतण्यास वेळ लागतो. म्हणून सर्व शेत एकदम न घालतां एखाद्या तुकड्यापासून आरंभ करावा.

अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सेंद्रिय शेतांवर जीवजाती सरासरीनें सुमारें ३० टक्के अधिक आढळल्या, व सभोंवार दाट लागवड असलेल्या भागांत हा फरक अधिक दिसला. त्या पाहण्या बहुतेक युरोप-अमेरिकेंतील असल्या, तरी एकाच पिकाचे पट्टेच्या पट्टे असलेल्या आपल्या बागाईत भागास हा विचार लागू पडण्यासारखा आहे.

शेजाऱ्याचा फवारा आपल्या शेतांतील ढालकिड्यासहि मारतो. तेव्हां हें काम एकट्याचें नसून शिवाराचें आहे. आमच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं चार बांधभाऊ एकत्र करून या हंगामांत निदान मोजणीचा आरंभ करावा, अशी आमची सूचना आहे.