वालाच्या शेंगेतील विविधता

भोसल्यांची राजधानी असलेल्या तंजावरच्या भाजीबाजारात ‘अवरै’ या नावाने विकली जाणारी शेंग मराठी वाचकास अपरिचित नाही. वाल, पावटा, वालपापडी हे त्याच जातीचे प्रकार होत.

या एकाच जातीत विलक्षण विविधता आढळते. शेंग चपटी वा फुगीर, हिरवी, पांढरट वा जांभळी असते. काही वेल मांडवावर चढतात, तर काही झुडपासारखे बुटके राहतात. जुने वाण बहुधा दिवस लहान झाल्यावरच फुलतात. दिवसमानाची फारशी तमा न बाळगणारे बुटके वाण निवड व संकर यांतून तयार झाले.

मात्र दिसणारा प्रत्येक फरक आनुवंशिक नसतो. खतपाण्यामुळे लागलेल्या जादा शेंगा पुढील पिढीत उतरत नाहीत. म्हणून संशोधक अनेक वाण एकाच शेतात, सारख्या मशागतीत वारंवार लावून शेंगांची संख्या, वजन व फुलोऱ्याचा काळ मोजतात. ज्या गुणात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, तेथेच निवड फळास येते.

सर्वत्र एकच सुधारित वाण पसरला आणि त्यावर रोग आला, तर प्रतिकाराचा गुण जुन्या वाणांतच शोधावा लागतो. त्यासाठी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बियाणे उणे १८ अंश सेल्सिअसला जतन केले जाते. परंतु पेढीतील बी निद्रिस्त असते. परसातील बी दरवर्षी बदलत्या हवामानाला सामोरे जाते. म्हणूनच ही ठेव दोन्ही ठिकाणी असणे इष्ट होय.