खातरजमा कार्डाची

लिनक्ससारखी मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावरही ती चपळपणे चालते आणि तिच्या परवान्यापोटी कोणाला एक रुपयाही मोजावा लागत नाही, ही तिन्ही विधाने सत्य आहेत. तथापि सातपुड्याच्या अंगावर पसरलेल्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, जेथे तालुक्याचे गाव मागे पडताच मोबाइलची रेंज ये-जा करू लागते, तेथे लॅपटॉपच्या पोटातील वाय-फाय कार्डाची आगाऊ खातरजमा झाली नसेल, तर ही तिन्ही सत्ये एकत्र येऊनही कामास येत नाहीत, हे मी प्रत्यक्ष अनुभवावरून सांगतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपुष्टात आला. त्यानंतर एका शहरातील काही सहृदय मंडळींनी कचेरीतून निघालेले लॅपटॉप गोळा करून, त्यांवर मुक्त प्रणाली चढवून, अक्राणी तालुक्यातील एका आश्रमशाळेस भेट दिले. प्रणाली चढविताना यंत्रे केबलच्या इंटरनेटला जोडलेली होती, सर्व काही सुरळीत चालले, आणि वाय-फायची परीक्षा घ्यावी असे कोणाच्या मनात आले नाही. चांदसैलीचा घाट चढून ती यंत्रे शाळेत पोहोचली, तेव्हा नेटवर्कच्या यादीत वाय-फायची ओळच नव्हती. कार्ड नादुरुस्त आहे, असा निष्कर्ष काढून यंत्रे परत धाडण्याची तजवीज सुरू झाली आणि मला बोलावणे आले.

कार्डे धडधाकट होती. यंत्र सुरू होताना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ज्या नोंदी लिहून ठेवतो, त्या ‘डीमेसेज’ या आज्ञेने वाचल्या असता फर्मवेअरची फाइल सापडत नाही, असा स्पष्ट मजकूर मिळाला. ड्रायव्हर हा सहसा कर्नलचा भाग असतो, परंतु अनेक कार्डांना प्रत्येक वेळी जागे होताना स्वतःची अशी एक निराळी आज्ञावली पुरवावी लागते, तिलाच फर्मवेअर म्हणतात. ती बहुधा उत्पादकाच्या मालकीची, बंदिस्त असते. सबब मुक्ततेचा कडक नियम पाळणाऱ्या वितरणांनी ती दीर्घकाळ मूळ संचाबाहेर ठेवली. डेबियन या वितरणाने २०२२ मध्ये सभासदांचे मतदान घेऊन हा नियम सैल केला, आणि जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून अशी फर्मवेअरे अधिकृत संचातच येऊ लागली. त्यातही काही जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचे फर्मवेअर बसविणारे पॅकेज स्वतः इंटरनेटवरूनच ती फाइल उतरवून घेते. म्हणजे इंटरनेट सुरू करण्यासाठी आधी इंटरनेट हवे. पुण्यात हा पेच केबल लावून मिटतो, अक्राणीतील धडगावच्या पलीकडील पाड्यावर केबल कोठून आणावी?

सुटकेचा मार्ग खिशात असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले, की लिनक्सला तो तारेचे नेटवर्क म्हणून दिसतो आणि निराळा ड्रायव्हर लागत नाही. शाळेच्या मागील टेकाडावर रेंज मिळत होती. तेथे लॅपटॉप नेऊन पॅकेज उतरविले, आणि पुढच्या यंत्रांसाठी त्याच फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या.

येथे कार्डाच्या ओळखीचा प्रश्न मुख्य आहे. याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. कार्डालाही तसाच क्रमांक असतो, मात्र तो व्यक्तीचा नसून जातीचा असतो: चार-चार चिन्हांचे दोन गट, पहिला उत्पादकाचा, दुसरा नमुन्याचा. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ या पर्यायासह दिली, की हा क्रमांक आणि त्या कार्डावर कोणता ड्रायव्हर रुजू आहे हे दोन्ही कळते. खोक्यावरील नावावर विसंबू नये. एकाच नावाच्या लॅपटॉपांत निरनिराळी कार्डे निघतात, हे याच शाळेत दिसून आले.

दुसरे संकट काही महिन्यांनी आले. एका यंत्रातील कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसल्याने तो बाहेरून आणून बांधलेला होता. कर्नलची नवी आवृत्ती येताच तो पुन्हा बांधावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी हेडर पॅकेजे नव्हती. ती मिळवून ड्रायव्हर बांधला, तरी ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर आले. सिक्युअर बूट चालू असले, की मान्य स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल स्वीकारीत नाही. त्या स्वाक्षरीची किल्ली नोंदविण्याची विनंती केली, की पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळा पडदा येतो आणि कोणतेही बटण दाबण्यासाठी अवघे दहा सेकंद थांबतो. ते निसटले, की तो पडदा निघून जातो आणि नोंदणीची विनंती पुन्हा करावी लागते. म्हणून त्या क्षणी यंत्रासमोर बसून राहावे. नवा कर्नल चालतो याची खात्री पटेपर्यंत जुना कधीही काढू नये. यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून तो निवडून यंत्र सुरू करता येते, आणि दुर्गम भागात हाच एकमेव आसरा ठरतो.

कार्ड बदलण्याचा प्रसंग आलाच, तर खरेदीआधी खाच पाहावी: जुन्या यंत्रांत मिनी पीसीआय एक्सप्रेस, नव्यांत एम-टू. जुन्या खाचेसाठी ज्यांचा ड्रायव्हर ‘एटीएच-नाइन-के’ आहे अशी अथेरॉसची कार्डे मला सर्वांत विश्वासार्ह वाटतात, कारण त्यांना बाहेरचे फर्मवेअरच लागत नाही. इंटेलच्या कार्डांत एएक्स-२०० व एएक्स-२०१ यांच्या नावांत एकाच आकड्याचा फरक आहे. परंतु २०१ हे कार्ड इंटेलच्या ठराविक नव्या बोर्डांवरच चालते, अन्यत्र ते बसते आणि निपचित पडून राहते. काही लॅपटॉपांचे बायोस तर मान्य यादीबाहेरचे कार्ड दिसताच सुरू होण्यासच नकार देते. झाकण उघडल्यावर अँटेनाच्या दोन बारीक तारा दिसतात. त्यांची सोनेरी टोके कार्डावरील गुंडीवर सरळ दाबून बसवावीत, तिरकी दाबली तर टोक चेपते आणि रेंज राउटरच्या शेजारी उभे राहिल्याशिवाय येत नाही.

आमच्या जिल्ह्यातील शाळांना यंत्रे देऊ इच्छिणाऱ्या दात्यांस माझी विनंती आहे, की केबल काढून, केवळ वाय-फायवर, प्रत्येक यंत्र एकदा चालवून पाहावे. कार्डाचा क्रमांक व कर्नलची आवृत्ती कागदावर लिहून तो झाकणाच्या आत चिकटवावा. आणि आवश्यक फर्मवेअर व ड्रायव्हर असलेला पेनड्राइव्ह यंत्रासोबतच पाठवावा.