दोन माणसं, एक तार

भाची : मामा, ‘द सॉफ्टीज’ नावाची अमेरिकन जोडी ऐकतेय. दोघी बायका, दोन गिटारी, दोन हळू आवाज. ड्रमसुद्धा नाही. 2000 साली अल्बम काढला आणि त्यानंतरचा थेट 2024 मध्ये. एवढ्या वर्षांनी परतल्या, तरी सामान तेवढंच! भागतं कसं एवढ्यात?

मामा : तुळजापूरच्या गोंधळ्यांना विचार. संबळ आणि तुणतुणं घेऊन रात्र जागवतात ते. मी माईक लावायला जातो ना, जवळून बघतो.

भाची : पण तुणतुण्याला तर एकच तार!

मामा : एकच. लाकडाचं पोकळ नळकांडं, तळाला चामडं, त्यातून निघालेली तार वर दांडीच्या खुंटीला. सूर बदलायचा नाही, ताल सोडायचा नाही, एवढंच तिचं काम. गाणाऱ्याला षड्ज मिळतो आणि लयही. संबळ म्हणजे जोडवाद्य. कमरेला बांधतात, एक तोंड खर्जातलं, दुसरं चढं, काठ्यांनी वाजवायचं. पण खरी गंमत वाद्यांत नाही, झिलीत आहे. नायक ओळ टाकतो, साथीदार ती उचलून धरतो, तेवढ्यात नायक दम घेतो, पुढचं आठवतो. आख्यान लागलं की तोच साथीदार भोळेपणानं आडवे प्रश्न विचारतो.

भाची : म्हणजे मी आत्ता करतेय तसं.

मामा : तू जरा जास्तच करतेस.

भाची : पण वाद्यं कमी, ती पैसे नव्हते म्हणूनच ना?

मामा : तेही असेल. गावोगाव फिरणारा माणूस खांद्याला पेलेल तेवढंच नेणार. पण नुसतं तेवढंच असतं, तर चार पैसे आल्यावर वाद्यं वाढली असती. इथं कथा ऐकवायची असते, शब्द कळायला हवा. लग्नानंतरच्या गोंधळात पाटावर कलश मांडून आधी देवांना आवतण देतात : तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा आणि यजमानाचं कुलदैवत. त्यात आपल्या देवाचं नाव बुडालं तर घरातली म्हातारी ऐकून घेईल का? तुझ्या त्या दोघी हळू गातात म्हणतेस. मागं ड्रम लावला तर उरेल काय?

भाची : अजय-अतुल पण दोघंच की.

मामा : दोघं भाऊ खरे, पण त्यांचं सामान बघ! ‘सैराट’साठी हॉलिवूडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला. गोंधळाचा बाज मात्र त्यांनीच सिनेमात जोरात आणला, 2004 च्या ‘सावरखेड एक गाव’मध्ये. आता लग्नातली पोरं गोंधळ्यांकडं सिनेमातल्या गाण्याची फर्माईश करतात. मला ते खटकत नाही.

भाची : गोंधळ किती जुना असेल?

मामा : बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ‘मानसोल्लास’मध्ये गोंडली नावाच्या नृत्याबद्दल लिहितो. कल्याणी म्हणजे आपल्या उमरग्यापलीकडचं बसवकल्याण. काही जण त्याचं नातं गोंधळाशी जोडतात. मला मात्र सरळ वंशावळ मांडायची घाई नको वाटते.

भाची : आणि त्या सॉफ्टीजसारखा मोठा खंड आपल्या गोंधळात कधी पडला?

मामा : कोरोनात. मार्च 2020 मध्ये तुळजाभवानीचं मंदिर भाविकांना बंद झालं, उघडलं 16 नोव्हेंबरला. शारदीय नवरात्र भाविकांविना गेलं. एप्रिल 2021 मध्ये परत कुलूप, ते निघालं 7 ऑक्टोबरला, ऐन घटस्थापनेला. मधल्या काळात लग्नं मोजक्या माणसांत, मग गोंधळ कुठला?

भाची : परतल्यावर गोंधळी नवं काही गायले?

मामा : पदं जुनीच. नवं असतं ते मधल्या बोलण्यात. समोर कोण बसलंय, गावात काय घडलंय, ते कथेत ओवतात. मोठा ऑर्केस्ट्रा एकदा मोडला की दहा जणांच्या तारखा जुळत नाहीत, इथं दोघांचं जमलं की झालं. अवघड एकच, झीलकरी बदलणं. जुन्याला नायकाचा दम कुठं संपतो ते ठाऊक असतं, नवा हमखास लवकर घुसतो.

भाची : पुढच्या गोंधळाला मी रेकॉर्डर घेऊन येते.

मामा : ये. तुणतुण्याला वेगळा माईक लाव आणि गाणाऱ्याचा माईक संबळापासून लांब ठेव. नाहीतर घरी जाऊन नुसता संबळच ऐकशील.