गुग्गुळ : खरेदीपूर्वी परीक्षण

योगराज, कैशोर, त्रिफळा, कांचनार हे गुग्गुळकल्प न वापरणारा वैद्य विरळाच. परंतु ज्या झुडुपाचा हा निर्यास, ते कच्छ व राजस्थानातील शुष्क, खडकाळ रानातून वेगाने नाहीसे होत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१५ मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत केली. झुडूप चिरा देण्यायोग्य होण्यास आठ-दहा वर्षे लागतात. अधिक स्राव मिळावा म्हणून खोल चिरा पाडून इथेफॉन हे रसायन वापरले जाते. निर्यास पुष्कळ मिळतो, झुडूप मात्र वाळते.

ही तूट बाजारात भेसळीने भरून निघते. काही वर्षांपूर्वी नाशिक येथे स्वस्त दराने घेतलेला गुग्गुळ मी त्रिफळा क्वाथात शोधनास घातला. गाळल्यावर वस्त्रात साल व वाळू राहिली, ती पाहून दर विचारून माल घेणाऱ्या माझीच मला लाज वाटली.

उत्तम गुग्गुळ अग्नीवर जळतो, उन्हात मऊ होतो व उष्णोदकात दुधासारखा होतो. शल्लकीचा डिंकही भेसळीत आढळतो. शल्लकी स्वतंत्र उत्तम औषध आहे, पण ती गुग्गुळाच्या नावाने देणे ही रुग्णाची फसवणूक होय. तसेच नवा गुग्गुळ बृंहण व जुना लेखन, हा भावप्रकाशोक्त भेद मेदोरोगात विसरू नये.

फार्मसीचालकांनी माल कोणत्या जिल्ह्यातून आला व चिरा कशा दिल्या, हे विक्रेत्यास विचारावे. गुग्गुळाची रोपे फांद्यांच्या कलमांपासून होतात. येवला-नांदगावकडील ज्या वैद्यबंधूंची पाण्याचा निचरा होणारी मुरमाड जमीन पडीक आहे, त्यांनी बांधावर दहा-वीस कलमे लावून पाहावीत.