तारीख नेमकी कधी सरकली?

प्रश्न : आमच्या इमारतीचं वेळापत्रक मी दर महिन्याला मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये सुधारतो. ताबा तीन महिने लांबला. पण उशीर कुठून सुरू झाला, हे मालकांना दाखवता येत नाही. काय करावं?
– एक साइट इंजिनिअर, नाशिक

उत्तर : जुन्या तारखांवर नव्या लिहिल्या की इतिहास पुसला जातो. म्हणून मंजूर वेळापत्रक आधी ‘बेसलाइन’ म्हणून जतन करा. या सॉफ्टवेअरमध्ये अशा ११ बेसलाइन ठेवता येतात. शिवाय दर महिनाअखेरीला फाइलची प्रत तारीख घालून वेगळी ठेवा.

मग प्लिंथ, शेवटचा स्लॅब, ताबा असे मोजकेच टप्पे घेऊन आलेख काढा. आडव्या अक्षावर अहवालाची तारीख, उभ्या अक्षावर त्या दिवशी टप्प्याची अपेक्षित तारीख. रेषा आडवी राहिली तर काम वेळेवर. वर चढली तर उशीर. समजा, स्लॅबची तारीख तीन अहवालांत १५ ऑक्टोबर, ३० ऑक्टोबर, २० नोव्हेंबर अशी सरकली आणि ताब्याची रेषा आडवीच राहिली, तर ओळखा की हाताशी असलेला मोकळा वेळ संपत चाललाय, किंवा ताब्याची तारीख कुणी नव्याने तपासलेलीच नाही.

प्रत्येक बदलाशेजारी कारण लिहा. मंजुरीशिवाय बेसलाइन बदलू नका. उशीर पहिल्याच महिन्यात दाखवलात, तरच तो भरून काढायला वेळ उरतो.