चुंबकीय उत्तेजन आणि जुनाट मलावरोध

प्रश्न : वडिलांचा जुनाट मलावरोध चुंबकीय उत्तेजनाने बरा होईल काय?

उत्तर : मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली सिद्ध केलेल्या तत्त्वानुसार, कमरेखाली त्रिकास्थीवर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातील झपाट्याने बदलणारे चुंबकक्षेत्र, त्वचेला छेद न देता आत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न करून, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग व गुदद्वाराचे स्नायू ज्यांच्या अमलाखाली असतात ते मज्जातंतू चेतविते; बाजारी चुंबकपट्ट्यांशी या उपचाराचा सुतराम संबंध नाही. तथापि आजवरचे प्रयोग थोड्याच रुग्णांवर झाल्याने पहिला उपाय म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही. पेसमेकर असल्यास तर तो वर्ज्यच. आधी थायरॉइड, मधुमेह व चालू औषधे तपासून घ्यावीत, पुरेशा पाण्यासह इसबगोल द्यावा, आणि कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळत असल्यास बायोफीडबॅक, म्हणजे ते सैल सोडण्याचे उपकरणाच्या साहाय्याने दिले जाणारे प्रशिक्षण, घ्यावे. मलातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र कृपया विनाविलंब डॉक्टरांना दाखवा.